किनारी वनाचे सर्वेक्षण: व्यवस्थापन आराखड्यासाठी मोजणी कशी करावी

समुद्राच्या कडेला उभे असलेले वन दोन-तीनशे मीटरच्या रुंदीतच आपले रूप अनेकदा बदलते. लाटांच्या तोंडाशी असलेली झाडे खुजी, खाऱ्या वाऱ्याने एका बाजूने करपलेली आणि जमिनीच्या दिशेने कललेली असतात. थोडे आत गेले की त्याच जातीची झाडे सरळ व बरीच उंच दिसू लागतात आणि त्याहून मागे, जिथे गोड्या पाण्याचा ओलावा पोहोचतो, तिथे झाडांच्या जातीच बदलतात. समुद्रापासून दूरच्या विस्तीर्ण जंगलांसाठी घडलेली मोजणीची पद्धत जशीच्या तशी इथे आणली, तर हा सगळा बदल एका सरासरीत विरून जातो, आणि त्या सरासरीवर बेतलेला आराखडा पुढच्या पट्ट्याला लागू पडत नाही व मागच्या पट्ट्यालाही नाही. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीमागे एकच आग्रह आहे: मोजणी समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे बदलाच्या दिशेने करावी आणि तो बदल शेवटच्या तक्त्यापर्यंत टिकवून ठेवावा.

किनारी वन या नावाखाली तीन वेगळ्या प्रकारची वने येतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील कांदळवन, वाळूच्या टेकड्यांवर मुद्दाम लावलेली सुरूची किंवा पाइनची वने, आणि कड्यांवर वा किनाऱ्यालगतच्या उतारांवर आपोआप वाढलेली मिश्र वने. मोजणीचे मूळ नियम तिन्हींना सारखेच लागू होतात, पण अडचणी निराळ्या आहेत, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे.

पहिली पायरी: निर्णय आधी, मोजणी नंतर

नवशिका सर्वेक्षक फीत आणि होकायंत्र घेऊन थेट वनात शिरतो आणि दिसेल ते मोजू लागतो. त्याऐवजी आराखडा तयार करणाऱ्यांबरोबर बसून एकच प्रश्न विचारावा: या मोजणीच्या आधारे पुढील दहा-वीस वर्षांत कोणते निर्णय घेतले जाणार आहेत? विरळणी, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काही झाडे काढणे, करायची का, पडलेल्या झाडांच्या जागी पुन्हा लागवड करायची का, पुढचा पट्टा पूर्णपणे हात न लावता राखायचा का, पायवाटा कुठून न्यायच्या, वनात साठलेला कार्बन नोंदवायचा का, यांपैकी ज्या निर्णयांची गरज आहे त्यांची यादी करावी. प्रत्येक निर्णयासमोर त्यासाठी लागणारी माहिती लिहावी, आणि ज्या माहितीसमोर एकही निर्णय उभा राहत नाही ती मोजण्याचा मोह टाळावा.

वन कशासाठी उभे केले गेले हेही याच वेळी समजून घ्यावे. फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर 18व्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिए या अभियंत्याच्या पुढाकाराने सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर पाइनची मोठी लागवड सुरू झाली. तिचा पहिला हेतू वाळू थोपवणे हा होता. अशा वनात घनमीटरमध्ये मोजलेले लाकूड हे दुय्यम उत्तर असते. झाडांची रांग कुठे तुटली आहे, वाळू कुठून आत शिरते आहे आणि जुनी झाडे एकदम संपली तर त्यांची जागा घेणारी पिढी खाली उभी आहे का, हे खरे प्रश्न असतात.

दुसरी पायरी: नकाशे, उपग्रहचित्रे आणि जुनी कागदपत्रे

मैदानात जाण्यापूर्वी टेबलावर बसून केलेले काम पुढचा बराच वेळ वाचवते. सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे 10 मीटर तपशिलाची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या 10 मीटरइतका, असून ती विनामूल्य मिळतात. लँडसॅट मालिकेची चित्रे 1972 पासूनची आहेत आणि 1980 च्या दशकापासून त्यांत 30 मीटर तपशील मिळतो. क्यूजीआयएससारख्या मुक्त संगणक प्रणालीत ही चित्रे उघडून वनाची सीमा, मोकळ्या जागा, खाड्या, ओहोळ, रस्ते आणि बांध आखून घ्यावेत. कांदळवनाचे चित्र निवडताना ते ओहोटीच्या वेळचे आहे ना, हे पाहावे. भरतीच्या वेळी टिपलेल्या चित्रात कडेची विरळ झाडे पाण्यात मिसळून जातात आणि वन आहे त्याहून अरुंद दिसते.

जुन्या आणि नव्या चित्रांवरून किनारारेषा आखून त्यांची तुलना करणे हे किनारी वनासाठी अत्यावश्यक काम आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. समजा, गेल्या तीस वर्षांत किनारा दरवर्षी सरासरी एक मीटर आत सरकत आला असेल, तर वीस वर्षांच्या आराखड्यात पुढची वीस मीटरची पट्टी टिकणार आहे असे धरता येत नाही. तिथे महागडी लागवड सुचवण्यापेक्षा मागे जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे ठरते. ही गोष्ट झाडे मोजून कधीच कळली नसती.

तिसरी पायरी: वनाचे स्तर पाडणे

आता वनाचे असे भाग पाडावेत की प्रत्येक भागातील झाडे आपापसांत बऱ्यापैकी सारखी असतील. या भागांना स्तर म्हणतात. किनारी वनात ते बहुधा किनाऱ्याला समांतर पट्ट्यांच्या रूपात येतात: वाऱ्याचा आणि क्षारांचा थेट मारा झेलणारा पुढचा पट्टा, त्याच्या आडोशाचा मधला पट्टा आणि मागचा पट्टा. कांदळवनात हे पट्टे पाण्याच्या वावरानुसार ठरतात. कोणती जागा दिवसातून दोनदा बुडते, कोणती फक्त उधाणाच्या भरतीलाच भिजते, यावर कांदळ, तिवर, चिप्पी या कांदळवनातल्या जातींच्या जागा बऱ्याच अंशी अवलंबून असतात. लागवडीच्या वनात लागवडीचे वर्ष हा आणखी एक आधार असतो.

स्तरांची संख्या आवरती ठेवावी. तीन ते पाच स्तर पुरेसे होतात. त्याहून अधिक पाडले तर प्रत्येकाच्या वाट्याला इतके कमी नमुने येतात की कोणत्याच स्तराबद्दल खात्रीने बोलता येत नाही. नकाशावर पाडलेले स्तर एकदा प्रत्यक्ष चालून तपासावेत, कारण उपग्रहाला वरून सारखे दिसणारे हिरवे छत्र खाली पूर्ण वेगळे असू शकते.

चौथी पायरी: नमुना भूखंडांची मांडणी, आकार आणि संख्या

संपूर्ण वनातील प्रत्येक झाड मोजणे क्वचितच परवडते, म्हणून ठरावीक क्षेत्रफळाचे नमुना भूखंड घेतले जातात. त्यांची मांडणी किनाऱ्याला काटकोनात जाणाऱ्या रेषांवर करावी. रेषांमधले अंतर सारखे ठेवावे आणि पहिल्या रेषेची जागा मात्र चिठ्ठी टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने निवडावी. किनाऱ्याला समांतर रेषा घेतली तर एकाच पट्ट्यातले भूखंड भरमसाट येतात आणि बदल हाती लागत नाही. चालायला सोपी जागा दिसली म्हणून भूखंड सरकवणे हा सर्वेक्षणाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, कारण मग मोजली जातात ती फक्त वाटेकडेची झाडे.

आकाराबाबत थोडे विस्ताराने सांगायला हवे. वर्तुळाकार भूखंड आखायला सोपा असतो, कारण मध्यबिंदू आणि एक फीत एवढेच लागते. 0.04 हेक्टर, म्हणजे 400 चौरस मीटरच्या वर्तुळाची त्रिज्या 11.28 मीटर असते आणि 0.01 हेक्टरची 5.64 मीटर. दाट कांदळवनात इतके मोठे वर्तुळ मुळांच्या जाळ्यात आखता येत नाही. कार्बन मोजणीसाठी कॉफमन आणि डोनाटो या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेल्या पद्धतीत म्हणूनच समुद्राच्या कडेला काटकोनात जाणाऱ्या रेषेवर 25 मीटरच्या अंतराने 7 मीटर त्रिज्येची सहा वर्तुळे घेतात, आणि 5 सेंटीमीटरपेक्षा कमी व्यासाची झाडे त्यांतल्या 2 मीटर त्रिज्येतच मोजतात. याउलट पुढचा पट्टा जेमतेम वीस मीटर रुंद असेल, तर तिथे वर्तुळ दोन्ही बाजूंनी पट्ट्याबाहेर जाते. अशा ठिकाणी किनाऱ्याला समांतर लांबट आयत, उदाहरणार्थ 10 गुणिले 40 मीटरचा, अधिक योग्य ठरतो.

वर्तुळाचा काही भाग वनाच्या बाहेर गेला तर काय करावे, हा प्रश्न अरुंद वनात जवळजवळ रोज उभा राहतो. भूखंड आत ढकलू नये, कारण तसे केल्याने कडेची झाडे मोजणीतून निसटतात, आणि किनारी वनात कड हेच तर मुख्य पात्र असते. जर्मन भाषिक वनशास्त्रज्ञांकडून रूढ झालेली प्रतिबिंब पद्धत इथे कामी येते: वनाच्या सीमेपासून मध्यबिंदू जितका आत असेल तितक्याच अंतरावर सीमेपलीकडे काल्पनिक मध्यबिंदू धरावा, आणि त्या दुसऱ्या वर्तुळात येणारी वनातली झाडे दुसऱ्यांदा मोजावीत. सीमेपलीकडे पाणी किंवा कडा असल्यामुळे तिथे पाऊल ठेवता येत नसेल, तर मूळ वर्तुळाचा वनातला भाग मोजून त्याचे खरे क्षेत्रफळ नोंदवावे आणि हिशेब त्यावर करावा.

संख्या ठरवण्यासाठी आधी दहा-बारा भूखंडांची प्राथमिक मोजणी करून झाडांच्या तळक्षेत्रात, म्हणजे छातीच्या उंचीवर खोडांच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळात, किती चढउतार आहे ते पाहावे. प्रमाणित विचलनाला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याच्या मापाला, सरासरीने भागून शंभराने गुणले की विचरण गुणांक मिळतो. या गुणांकाला दोनने गुणावे, चालेल एवढ्या त्रुटीच्या टक्केवारीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा. गुणांक 40 टक्के असेल आणि 10 टक्क्यांपर्यंतची त्रुटी चालत असेल तर 64 भूखंड लागतात. गुणांक 60 टक्के असेल तर तेच 144 होतात. मात्र 20 टक्के त्रुटी चालणार असेल तर 60 टक्क्यांच्या चढउतारालाही 36 भूखंड पुरतात. स्तर नीट पाडले की प्रत्येक स्तरातला चढउतार कमी होतो आणि काम कितीतरी आटोक्यात येते, त्यामुळे तिसऱ्या पायरीवर घालवलेला वेळ इथे परत मिळतो.

पाचवी पायरी: परवानगी, भरतीचे वेळापत्रक आणि सुरक्षितता

वन कोणाच्या मालकीचे आहे, त्यावर कोणते संरक्षण लागू आहे आणि ड्रोन उडवण्यास किंवा मातीचे नमुने घेण्यास स्वतंत्र परवानगी लागते का, हे लेखी विचारून घ्यावे. पाणथळ जागांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारान्वये जाहीर झालेल्या पाणथळ जागा, पक्ष्यांच्या विणीच्या वसाहती आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या किनाऱ्यांवर हंगामी बंधने असू शकतात.

भरती-ओहोटीचे गणित प्रत्येक सदस्याला माहीत असलेच पाहिजे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खाली जाते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते. कांदळवनात ओसरत्या पाण्याबरोबर आत जावे आणि ओहोटीचा तळ गाठल्यानंतर लवकरच परतीला लागावे. पाणी चढण्याचा वेग सारखा नसतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतके, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढते. एकूण चढ 3 मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 75 सेंटीमीटर पाणी वाढते. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून आणखी एक भूखंड उरकण्याचा विचार करणाऱ्याला हाच वेग गाठतो.

वेळापत्रकातल्या वेळा बंदराच्या असतात. खाडीच्या आतल्या टोकाला भरती उशिरा पोहोचते, म्हणून पहिल्या दिवशी एक खुणेची काठी रोवून स्थानिक वेळ पडताळावी. एकट्याने वनात जाऊ नये आणि किनाऱ्यावर थांबलेल्या एका व्यक्तीकडे परतण्याची ठरलेली वेळ लिहून द्यावी.

सहावी पायरी: भूखंड आखणे

जीपीएसने मध्यबिंदूपाशी पोहोचावे, पण दाट छत्राखाली साध्या यंत्रात पाच ते दहा मीटरची चूक सहज येते, हे ध्यानात ठेवावे. यंत्राने दाखवलेल्या ठिकाणी पहिल्यांदा पोहोचताच थांबावे आणि तोच मध्यबिंदू मानावा. बरी जागा शोधत पुढे-मागे सरकू नये. नंतर जवळच्या दोन-तीन ठळक झाडांपासूनचे अंतर आणि होकायंत्राचा कोन नोंदवावा, म्हणजे पुढच्या वेळी मध्यबिंदू पुन्हा सापडतो. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे आणि पत्र्याच्या पट्ट्या लवकर गंजतात, त्यामुळे स्टेनलेस स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे साहित्य वापरावे.

सर्व अंतरे आडव्या पातळीत मोजायची असतात. वाळूच्या टेकडीचा उतार 25 अंश असेल, तर उताराच्या दिशेने 11.28 मीटरऐवजी सुमारे 12.45 मीटर फीत टाकावी लागते. आडव्या अंतराला उताराच्या कोनाच्या कोसाइनने भागले की ही लांबी मिळते. झाडाच्या खोडाचा मध्य सीमेच्या आत असेल तर झाड आत धरावे, बाहेर असेल तर बाहेर. संशय आला की फीत टाकून मोजावे, नजरेने ठरवू नये.

सातवी पायरी: झाडे मोजणे

उत्तरेकडून सुरू करून घड्याळाच्या दिशेने फिरत प्रत्येक झाडाची जात, खोडाचा घेर किंवा व्यास, अवस्था आणि ठरलेल्या झाडांची उंची नोंदवावी. खोड छातीच्या उंचीवर मोजतात. ही उंची बऱ्याच देशांत 1.3 मीटर, तर भारत आणि अमेरिकेत 1.37 मीटर मानली जाते. कोणती घेतली ते पत्रकाच्या माथ्यावर लिहावे, म्हणजे पुढच्या पथकाला अंदाज बांधावा लागणार नाही. घेराला 3.1416 ने भागले की व्यास मिळतो, म्हणजे सुमारे 63 सेंटीमीटर घेराचे झाड 20 सेंटीमीटर व्यासाचे असते.

हे नियम सरळ खोडासाठी आहेत आणि किनाऱ्यावर सरळ खोड हाच अपवाद असतो. कललेल्या झाडावर छातीची उंची कलाच्या खालच्या बाजूने, खोडाला धरून मोजावी आणि फीत खोडाला काटकोनात लावावी. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने मोजावे. छातीच्या उंचीखालीच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळे मोजावे, पण ती सगळी एकाच झाडाची आहेत हे एका क्रमांकाने दाखवावे, नाहीतर झाडांची संख्या फुगते. वाऱ्याच्या सततच्या दाबामुळे खोड लंबगोल झालेले असते. तिथे फीत व्यास जास्त दाखवते, म्हणून कॅलिपरने काटकोनातले दोन व्यास घेऊन त्यांची सरासरी काढावी. कांदळाच्या आधारमुळांची कमान छातीपर्यंत किंवा त्याहून वर गेलेली असते, तेव्हा सर्वांत वरचे मूळ खोडाला मिळते त्याच्या 30 सेंटीमीटर वर मोजणी करावी आणि ती उंची प्रत्येक झाडापुढे लिहावी.

वाळूच्या टेकड्यांवरील वनात आणखी एक सापळा आहे. वारा वाळू आणून खोडाशी साठवतो किंवा मुळे उघडी पाडतो, त्यामुळे पाच वर्षांनी जमिनीपासून 1.3 मीटर मोजले तर फीत खोडाच्या वेगळ्याच जागी लागते. खोड वर निमुळते होत जात असल्याने वाळू साठलेले झाड जणू बारीक झाल्यासारखे दिसते आणि वाढीचा हिशेब उणे येतो. यावर उपाय सोपा आहे: पहिल्या मोजणीच्या जागी रंगाचा पट्टा ओढावा, पुढची प्रत्येक मोजणी त्याच पट्ट्यावर करावी आणि पट्ट्यापासून जमिनीचे अंतर दर वेळी नोंदवावे. वाळू किती चढली किंवा उतरली, ही आराखड्यासाठी मोलाची माहितीही त्यातून आपोआप मिळते.

उंचीसाठी क्लिनोमीटर, म्हणजे चढ-उताराचा कोन मोजणारे साधे उपकरण, पुरतो. झाडापासून 20 मीटरवर उभे राहून शेंड्याचा कोन 35 अंश वर आणि बुंध्याचा 4 अंश खाली आला, तर दोन्ही कोनांच्या टॅनजंटची बेरीज 0.77 होते आणि उंची 15.4 मीटर येते. झाड मोजणाऱ्याकडे कललेले असेल तर उंची जास्त येते आणि दूर कललेले असेल तर कमी. म्हणून कल डावीकडून उजवीकडे दिसेल अशा जागी उभे राहावे आणि अंतर बुंध्यापासून न मोजता शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजावे. प्रत्येक झाडाची उंची घेण्याची गरज नाही. प्रत्येक भूखंडात लहान, मध्यम आणि मोठ्या व्यासाची मिळून चार-पाच झाडे निवडावीत.

अवस्था नोंदवताना फक्त जिवंत किंवा मृत एवढे लिहून थांबू नये. पाने समुद्राच्या बाजूनेच करपली असतील तर खारा वारा किंवा नुकतेच येऊन गेलेले वादळ हे कारण संभवते. शेंडे सर्व बाजूंनी वाळत असतील तर अडचण बहुधा मुळांशी असते: पाणी साचणे, खारटपणा वाढणे किंवा रोग. या दोन प्रकारांवरचे उपाय पूर्ण वेगळे असल्यामुळे नोंद वेगळी हवी.

आठवी पायरी: झाडांपलीकडचे निरीक्षण

प्रत्येक भूखंडात 2 गुणिले 2 मीटरचे दोन-तीन लहान चौकोन आखून त्यांतील रोपटी जातवार मोजावीत. उंच झाडांनी भरलेले पण खाली एकही रोपटे नसलेले वन वरून निरोगी दिसते, मात्र एका मोठ्या वादळानंतर त्याच्याकडे उभे राहायला काहीच उरत नाही. पुढच्या पट्ट्यात मर्यादवेलीसारख्या वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पती, आक्रमक परकीय झुडपे, तुडवलेल्या वाटा, तोडीचे बुंधे, चराईच्या खुणा आणि कचरा यांची नोंद करावी. पोकळ व मृत झाडे हीदेखील पक्ष्यांचे आणि कीटकांचे घर असतात, त्यांना निरुपयोगी समजून वगळू नये.

कांदळवनात जमिनीची सापेक्ष उंची मोजणे हे मला झाड मोजण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. कांदळवने बहुतेक ठिकाणी सरासरी समुद्रपातळी आणि सर्वांत उंच भरतीची रेषा यांच्या दरम्यानच तग धरतात. त्याहून खालच्या चिखलात केलेली लागवड वारंवार वाया गेली आहे. महाग उपकरण नसेल तर साधी युक्ती करावी. शांत वाऱ्याच्या दिवशी, उधाणाच्या भरतीपूर्वी प्रत्येक भूखंडात एक काठी रोवून तिला पाण्यात विरघळणारा रंग लावावा. भरती ओसरल्यावर रंग जिथपर्यंत धुऊन गेला ती जमिनीपासूनची उंची, म्हणजे त्या जागी चढलेल्या पाण्याची खोली. भरतीच्या माथ्याला पाण्याची पातळी जवळपास एकसारखी असल्याने या खोल्यांची तुलना करून कोणती जागा उंच आणि कोणती सखल हे कळते. लांब, अरुंद खाडीत पातळी सारखी राहत नाही, तिथे ही तुलना जवळजवळच्या भूखंडांपुरतीच ठेवावी.

याच फेरीत पाण्याचे मार्ग पाहावेत. रस्त्याखालची नळी गाळाने बुजली, बांधाने ओहोळ अडवला, की त्यामागचे वन सडलेल्या पाण्यात उभे राहते. तिवराची श्वसनमुळे गाळाखाली गाडली गेली तर झाड गुदमरून मरते. रिफ्रॅक्टोमीटरने मातीतल्या पाण्याचा खारटपणा मोजावा. समुद्राच्या पाण्यात हजारी साधारण 35 भाग क्षार असतात, आणि मातीतला आकडा त्याच्या कितीतरी वर गेला असेल तर पाण्याची ये-जा अडली असण्याचा संभव मोठा.

नववी पायरी: तपासणी

पत्रके त्याच दिवशी संध्याकाळी वाचावीत, कारण राहिलेला रकाना आठवणीतून भरता येतो तो तेव्हाच. साधारण दहापैकी एक भूखंड दुसऱ्या जोडीने स्वतंत्रपणे पुन्हा मोजावा. व्यासातला फरक थोडा असेल आणि झाडांची संख्या जुळत असेल तर काम चांगले चालले आहे. संख्या जुळत नसेल तर पुढे जाण्याआधी सीमा ठरवण्याची पद्धत सगळ्यांनी मिळून पुन्हा पक्की करावी. जलरोधक कागद आणि शिसपेन्सिल ही जोडी ओल्या जागी मोबाईलपेक्षा भरवशाची असते.

दहावी पायरी: हिशेब

0.04 हेक्टरच्या भूखंडातले एक झाड हेक्टरी 25 झाडांचे प्रतिनिधित्व करते. सेंटीमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला 0.00007854 ने गुणले की झाडाचे तळक्षेत्र चौरस मीटरमध्ये मिळते. 20 सेंटीमीटर व्यासाच्या झाडाचे तळक्षेत्र 0.0314 चौरस मीटर, म्हणजे ते हेक्टरी हिशेबात सुमारे 0.79 चौरस मीटरची भर घालते.

प्रत्येक स्तराची सरासरी आणि त्रुटी स्वतंत्र काढावी आणि संपूर्ण वनाचा आकडा हवाच असेल तर क्षेत्रफळाचे वजन देऊन काढावा. उदाहरणादाखल, पुढचा पट्टा 12 हेक्टर, मधला 30 आणि मागचा 18 हेक्टर असून त्यांचे हेक्टरी तळक्षेत्र अनुक्रमे 8, 18 आणि 26 चौरस मीटर असेल, तर वजनासह सरासरी 18.4 येते. तिन्ही आकड्यांची साधी सरासरी 17.3 येते आणि ती चूक असते. पण 18.4 हा बरोबर आकडाही आराखड्यात एकटा कधीच छापू नये, कारण पुढच्या पट्ट्यातले 8 त्यात दिसेनासे होतात आणि संरक्षणाचा खरा प्रश्न तिथेच असतो.

व्यासाच्या गटांनुसार झाडांची संख्या मांडावी. मधले गट रिकामे असतील तर कधीतरी पुनरुत्पादन खंडित झाले होते, असे समजावे. लागवडीच्या वनात उंचीला व्यासाने भागावे, दोन्ही एकाच एककात घेऊन. सूचिपर्णी झाडांमध्ये हे गुणोत्तर 80 च्या वर गेले की वादळात मोडण्याचा धोका वाढतो, असे वनशास्त्रात सामान्यतः मानले जाते. अशा दाटीच्या वनात एकदम मोठी विरळणी केली तर उरलेली झाडे आडोसा गमावून पडतात, म्हणून ती थोडी थोडी, मागच्या बाजूने आणि पुढची कड अबाधित ठेवून सुचवावी.

अकरावी पायरी: आराखड्याच्या हाती काय द्यावे

वनाचे कक्ष, म्हणजे व्यवस्थापनासाठी पाडलेले भाग, दाखवणारा एक नकाशा आणि प्रत्येक कक्षासाठी एक पान, एवढे असले की निर्णय घेणाऱ्यांना पुरते. त्या पानावर क्षेत्रफळ, मुख्य जाती, हेक्टरी झाडे, तळक्षेत्र त्रुटीसह, रोपट्यांची स्थिती, किनारारेषेचा कल, पाण्याच्या अडचणी आणि सर्वेक्षकाची शिफारस असावी. शिफारशीत काहीही न करणे हाही पर्याय मोकळेपणाने मांडावा. पुढच्या पट्ट्यातली वाकडी, खुजी झाडे लाकूड म्हणून कवडीमोलाची असली तरी मागचे सगळे वन त्यांच्याच आडोशाने वाढलेले असते, आणि ती हटवून सरळ जातीची लागवड करण्याचा प्रस्ताव आला तर सर्वेक्षकाने आकड्यांनिशी विरोध नोंदवावा. कांदळवनातल्या मोकळ्या जागेसाठी लागवड सुचवण्यापूर्वी ती जागा मोकळी का पडली, हे पानावर लिहिलेले असले पाहिजे. अडलेले पाणी मोकळे केले की अनेकदा बिया आणि अंकुर भरतीबरोबर स्वतःच येतात.

कायमस्वरूपी भूखंड साधारण पाच वर्षांनी, वर्षाच्या त्याच हंगामात पुन्हा मोजावेत. मोठे वादळ येऊन गेले तर पाच वर्षांची वाट पाहू नये. पहिल्या काही आठवड्यांत पडलेली आणि मोडलेली झाडे त्यांच्या पडण्याच्या दिशेसह नोंदवावीत आणि मग वर्षभराने तेच भूखंड पुन्हा पाहावेत, कारण करपून निष्पर्ण झालेली पुष्कळ झाडे दरम्यान नवी पालवी धरतात आणि घाईने मृत ठरवून तोडली जाण्यापासून वाचतात.